संगणक चालू होत नाही, म्हणजे नेमका कुठे थांबतो?

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातल्या विमानतळांवर, रुग्णालयांत आणि बँकांत एकाच वेळी संगणकांचे पडदे निळे होऊ लागले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीला गेलेल्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होता होता कोसळत होते, आपोआप पुन्हा सुरू होत होते आणि त्याच जागी येऊन पुन्हा कोसळत होते. त्या दिवशी नुकसानाच्या बातम्या पुष्कळ आल्या. पण घरी संगणक वापरणाऱ्याच्या खरोखर उपयोगाची गोष्ट त्यांत मागे राहिली. ते संगणक सुरू होत नव्हते, तरी त्यांचे सुटे भाग बिघडलेले नव्हते आणि डिस्कवरची माहितीही जागच्या जागी होती. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोजच्या अत्यावश्यक भागांपुरत्या चालणाऱ्या अवस्थेत, जाऊन ती एक फाइल काढून टाकली की संगणक पूर्ववत सुरू होत असे.

दुरुस्ती करणाऱ्यांना हे जमले, कारण संगणक कोणत्या पायरीवर अडतो आहे हे त्यांना ठाऊक होते. घरी मात्र आपण ‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ एवढेच म्हणतो आणि समोरून लगेच ‘फॉरमॅट मारा’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवा, असा सल्ला येतो. त्या एका वाक्यात एकमेकांशी काही संबंध नसलेले दहा-बारा बिघाड मावतात. सैल झालेली वायर, मिटलेला सेल, विसरून राहिलेला पेन ड्राइव्ह आणि मरणपंथाला लागलेली डिस्क या सगळ्यांचे वर्णन आपण त्याच शब्दांत करतो. म्हणून उपायांकडे वळण्यापूर्वी संगणक ‘चालू होतो’ म्हणजे काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

किल्ल्यांची साखळी

एकामागे एक खोल्या असलेले एक जुने घर डोळ्यांसमोर आणा. तुमच्या हाती फक्त पहिल्या खोलीची किल्ली आहे. दुसऱ्या खोलीची किल्ली पहिल्या खोलीत ठेवलेली आहे, तिसरीची दुसऱ्या खोलीत, आणि असेच पुढे. संगणक अगदी याच पद्धतीने जागा होतो.

वीज मिळते त्या क्षणी प्रोसेसरला, म्हणजे सूचना अमलात आणणाऱ्या मुख्य चिपला, काहीही ठाऊक नसते. रॅम, म्हणजे संगणकाची चालू कामापुरती स्मृती, रिकामी असते, आणि डिस्क कशी वाचायची हेही त्याला येत नसते. एका ठरावीक ठिकाणापासून सूचना वाचायला लागायचे, एवढीच त्याची जन्मजात सवय. त्या ठिकाणी मदरबोर्डवरच्या, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवरच्या, एका चिपमध्ये साठवलेला छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला पूर्वी बायोस म्हणत. आजच्या संगणकांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, परंतु बोलण्यात बायोस हाच शब्द टिकला आहे आणि मीही इथे तोच वापरतो. बायोस रॅम, डिस्प्ले, कीबोर्ड यांची तपासणी करतो आणि मग डिस्कवरचा बूटलोडर शोधतो. बूटलोडर हा विंडोजला हात धरून उठवणारा प्रोग्रॅम आहे. तो विंडोजचा गाभा रॅममध्ये आणतो, गाभा ड्रायव्हर उघडतो, म्हणजे प्रत्येक यंत्रभागाशी बोलण्यासाठी लागणारे छोटे प्रोग्रॅम, आणि शेवटी पासवर्ड विचारणारा पडदा येतो.

प्रत्येक टप्प्याला पुढचे दार उघडण्यापुरतेच येते. जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या तुकड्यात पुढच्या पायरीचा प्रोग्रॅम बसवावा लागे आणि त्याच्या वाट्याला केवळ ४४६ बाइट येत. आज देवनागरीतले एक अक्षरचिन्ह साठवायला सहसा ३ बाइट लागतात, म्हणजे तेवढ्या जागेत मराठीतली दीडशे चिन्हेही मावणार नाहीत. एवढ्या अपुऱ्या जागेतून एवढे मोठे यंत्र उभे राहत असे, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

या रचनेतून निदानासाठी फार मोलाचा एक निष्कर्ष निघतो. तुमचा संगणक तिसऱ्या दाराशी अडला असेल, तर पहिली दोन दारे उघडली आहेत हे सिद्धच झाले. आणि चौथ्या खोलीतल्या सॉफ्टवेअरवर अजून काम करण्याची पाळीच आलेली नाही, त्यामुळे दोष त्याचा असू शकत नाही. पडद्यावर एक अक्षरही उमटत नसेल, तर त्याला विंडोज, विषाणू किंवा कालचा अपडेट जबाबदार असण्याची शक्यता नगण्य आहे.

काहीच होत नाही तेव्हा

बटण दाबले, पण दिवा लागला नाही, पंखा हलला नाही. इथे फक्त विजेचा विचार करायचा. त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून पाहावे, एक्स्टेन्शन बोर्ड वगळून केबल थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडावी, दोन्ही टोके घट्ट बसवावीत आणि कॅबिनेटच्या मागचा एसएमपीएसचा स्वतंत्र स्विच कुणी बंद केलेला नाही ना, ते पाहावे. साफसफाईनंतर ‘बिघडलेल्या’ संगणकांत हा मागचा स्विच फार वेळा दोषी निघतो.

एसएमपीएस ही कॅबिनेटमधली पत्र्याची पेटी. घरातल्या विजेचे ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करते. संगणक बंद असतानाही ती ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा चालू ठेवते, म्हणून मदरबोर्डवर एखादा दिवा कायम लागलेला दिसू शकतो. समोरचे बटण मुख्य वीज थेट जोडत नाही. ‘आता उठा’ असा निरोप ते मदरबोर्डला देते आणि मदरबोर्ड तो एसएमपीएसला पोचवतो. मदरबोर्डवरचा तो बारीक दिवा लागलेला असूनही बटणाला प्रतिसाद मिळत नसेल, तर दोष त्या बटणाचा किंवा त्याच्या दोन तारांचा असू शकतो, हे महागडा भाग बदलण्यापूर्वी आठवावे.

संगणक क्षणभर सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट सर्किट जाणवते आहे आणि ती स्वतःला वाचवते आहे, असे बहुधा समजावे. यूएसबीला जोडलेली सारी उपकरणे काढून पुन्हा प्रयत्न करावा, कारण एखाद्या पोर्टमधली वाकलेली पट्टीसुद्धा हे घडवू शकते. कॅबिनेट नुकतेच उघडले असेल, तर आत विसरलेला स्क्रू किंवा प्रोसेसरजवळची न लावलेली १२ व्होल्टची केबल शोधावी.

एक गोष्ट मात्र अत्यंत गांभीर्याने सांगतो. एसएमपीएसची पेटी घरी कधीही उघडू नये. २३० व्होल्टच्या विजेवर चालताना तिच्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या भागात, ३०० व्होल्टहून अधिक दाबाचा भार साठतो आणि केबल काढल्यानंतरही तो काही काळ आत राहू शकतो. हा भाग दुरुस्त करण्याऐवजी बदलायचा असतो.

लॅपटॉपच्या बाबतीत चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, मग चार्जर लावून वीसेक मिनिटे थांबावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. आतल्या नियंत्रक चिपमध्ये अडकलेली स्थिती यामुळे पुष्कळदा मोकळी होते. परंतु तळ फुगलेला असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी चार्जिंग लगेच थांबवावे, बॅटरी दाबू किंवा टोचू नये आणि लॅपटॉप जाणकाराकडे न्यावा.

‘पंखा तर फिरतो, म्हणजे वीज ठीकच आहे ना?’

हा सर्वांत सामान्य गैरसमज. पंखा फिरायला १२ व्होल्टच्या आसपासचा कसाबसा पुरवठा पुरतो. प्रोसेसरला मात्र तिन्ही दाब स्थिर हवे असतात. ते स्थिर झाले की एसएमपीएस तसा एक संकेत मदरबोर्डला पाठवते आणि तोवर प्रोसेसर रोखून धरलेला असतो. तो संकेत आलाच नाही, तर पंखे फिरत राहतात, दिवे लागतात आणि संगणक निश्चल राहतो. फिरणारा पंखा म्हणजे दारापर्यंत वीज आली आहे, यापलीकडे काही सांगत नाही.

तरीही, ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणजे संगणकच उठला नाही असे समजण्याची घाई करू नये. कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो आणि विझतो का, हे पाहावे. दिवा प्रतिसाद देत असेल किंवा विंडोजचा ओळखीचा आवाज ऐकू येत असेल, तर संगणक बराच पुढे गेला आहे. अडचण पडद्याची, केबलची किंवा ग्राफिक्स कार्डाची आहे. मॉनिटरवर योग्य इनपुट निवडलेला आहे का, हे तपासावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्या कार्डालाच लावलेली हवी. ती मदरबोर्डच्या पोर्टला लावली, तर अनेक संगणकांत सगळे सुरळीत चालू असूनही पडदा काळा राहतो.

दिवाही लागत नसेल, तर संशय प्रथम रॅमवर घ्यावा. रॅमच्या पट्ट्या खाचेत उभ्या बसवलेल्या असतात आणि संगणक हलवल्याने, उष्णतेने, धुळीने त्यांचा संपर्क कमी होऊ शकतो. मुख्य केबल काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेला भार सोडावा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी आणि मग पट्टी काढून, दोन्ही टोकांना ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवावी. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून पाहावी. सोनेरी संपर्कांवरून खोडरबर फिरवण्याची जुनी युक्ती कामी येते, पण रबर स्वच्छ व मऊ असावे आणि त्याचा कीस पूर्ण झटकून टाकावा, नाहीतर खाचेत नवाच अडथळा तयार होतो.

बायोस इथे आपल्याशी बोलण्याचा प्रयत्नही करतो. जुन्या संगणकांत बीप वाजत आणि लांब-आखूड बीपच्या क्रमावरून दोष कळे. हे क्रम प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असतात, त्यामुळे ‘तीन बीप म्हणजे अमुक’ असे ऐकीव उत्तर न मानता आपल्याच मदरबोर्डची पुस्तिका पाहावी. नव्या मदरबोर्डांपैकी अनेकांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट अशा चार नावांचे बारीक दिवे असतात. त्यांतला जो लागून राहतो, त्या दाराशी काम अडले आहे. हे दिवे असताना अंदाजाने भाग बदलत बसणे मला अक्षम्य वाटते.

आणि एक सूचना धीराची. डीडीआर ५ प्रकारची रॅम नव्याने बसवली, बायोस अपडेट केला किंवा मदरबोर्डचा सेल काढला, तर पुढच्या पहिल्या सुरुवातीला संगणक रॅमशी जुळवून घेण्यासाठी कित्येक मिनिटे घेऊ शकतो आणि तेवढा वेळ पडदा काळाच असतो. चांगला संगणक बिघडला समजून याच वेळी बटण दाबून बंद केला जातो आणि ती जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

कंपनीचे चिन्ह दिसते, पण पुढे काही नाही

चिन्ह दिसले म्हणजे रॅम, प्रोसेसर आणि डिस्प्ले ही परीक्षा बहुतांशी उत्तीर्ण झाली. आता बायोस डिस्कवरचे दार शोधतो आहे. ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर तो इंग्रजीत असला तरी शब्दशः वाचावा, किंबहुना मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. त्यानंतर सगळे पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क काढाव्यात. बायोस कधी कधी अशाच एखाद्या रिकाम्या पेन ड्राइव्हमध्ये विंडोज शोधत बसलेला असतो.

यानंतरचा प्रश्न माझ्या मते संपूर्ण तपासणीतला सर्वांत बोलका आहे: बायोसच्या पडद्यावर डिस्कचे नाव दिसते का? सुरू होताना डिलीट, एफ २ किंवा उत्पादकाने ठरवलेली कळ दाबली की तो पडदा उघडतो. तिथे डिस्कचे नावच नसेल, तर विंडोजची कोणतीही दुरुस्ती व्यर्थ आहे, कारण ज्या कपाटात विंडोज ठेवले आहे ते कपाटच बायोसला दिसत नाही. अशा वेळी डिस्कची केबल बदलून पाहावी, एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपची डिस्क, एम.२ प्रकारची, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या पट्टीसारखी, असेल तर ती काढून पुन्हा बसवावी. एवढ्यानेही नाव आले नाही, तर ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून पाहणे उरते.

नाव दिसत असेल, तर चित्र पालटते. डिस्क जिवंत आहे. बायोस चुकीच्या जागी पाहतो आहे किंवा बूटलोडर खराब झाला आहे. इथे मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल लक्षात घ्यावा लागतो. ३ व्होल्टचा सीआर २०३२ हा सेल संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवतो आणि अनेक मदरबोर्डांत बायोसमधल्या निवडीही त्याच्याच आधाराने टिकतात. तो मिटला की तारीख काही वर्षे मागे जाते आणि या निवडी मूळ स्थितीला येतात. कोणत्या डिस्कवरून सुरुवात करायची, जुनी पद्धत वापरायची की यूईएफआय, डिस्कशी कोणत्या रीतीने बोलायचे, या निवडी बदलल्या की काल चालणारा संगणक आज विंडोजच नाही म्हणतो. चुकीची तारीख हा खुणेचा धागा आहे. सेल बदलावा, निवडी पूर्ववत कराव्यात, विंडोजला हात लावण्याची गरज नसते.

फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कमधून टकटक किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल, तर संगणक त्याच क्षणी बंद करावा. वाचणारे टोक चकतीवर नीट राहत नाही, याची ती खूण असू शकते आणि प्रत्येक नवा प्रयत्न उरलेली माहिती खरवडून नेऊ शकतो. एसएसडी असा इशारा सहसा देत नाही. ती एखाद्या सकाळी नुसती दिसेनाशी होते.

विंडोजचे चिन्ह येते आणि मग गाडी अडते

आता आपण १९ जुलैच्या त्या संगणकांपाशी पोचलो. गाभा रॅममध्ये आला, त्याने ड्रायव्हर उघडायला घेतले आणि त्यांतल्या एकाने सदोष फाइल वाचताना संपूर्ण यंत्रणेला खाली ओढले. साधा प्रोग्रॅम बिघडला तर विंडोज तेवढाच बंद करते. परंतु गाभ्याच्या पातळीवर काम करणारा ड्रायव्हर चुकला, तर माहिती आणखी बिघडू नये म्हणून विंडोज सारेच काम थांबवते. निळा पडदा हा असा बचावाचा थांबा आहे. नव्या विंडोज ११ मध्ये तो काळ्या रंगाचा केलेला आहे, अर्थ तोच.

सेफ मोड इतका उपयोगी का, याचे उत्तरही इथेच आहे. सेफ मोडमध्ये विंडोज स्वतःच्या अत्यावश्यक ड्रायव्हरांवर उठते आणि बाहेरच्या कंपन्यांचे बहुतेक ड्रायव्हर बाजूला ठेवते. संगणक सेफ मोडमध्ये नीट उठत असेल, तर डिस्क, रॅम आणि विंडोजचा गाभा यांवरचा संशय बराच कमी होतो आणि नुकताच बसवलेला ड्रायव्हर, अपडेट किंवा सुरक्षा प्रणाली यांच्याकडे बोट वळते.

तिथवर पोचण्यासाठी विंडोजने सोय ठेवली आहे. सलग दोन वेळा सुरुवात फसली की तिसऱ्या वेळी विंडोज १० आणि ११ आपणहून दुरुस्तीचा पडदा उघडते. तो उघडला नाही, तर विंडोजचे चिन्ह दिसताच पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद करावा आणि हे दोनदा करावे. एरवी मी असे बंद करण्याच्या विरोधात आहे, पण इथे पर्याय नसतो. त्या पडद्यावरून सौम्य उपायापासून सुरुवात करावी: प्रथम स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचा अपडेट काढणे, मग सिस्टम रिस्टोअर, आणि या सर्वांबरोबर सेफ मोड. यांतल्या कशानेही तुमची कागदपत्रे आणि फोटो पुसले जात नाहीत. ‘रीसेट’ नावाचा पर्याय मात्र वेगळा आहे. त्यात फाइली ठेवण्याची सोय असली, तरी बसवलेले प्रोग्रॅम जातात आणि चुकीची निवड झाली तर फाइलीही जातात.

पडद्यावर ‘अपडेट चालू आहे’ असे लिहिलेले असेल आणि डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर तासभरही थांबावे. अर्धवट तुटलेला अपडेट हे पुढच्या मोठ्या बिघाडाचे एक वारंवार दिसणारे कारण आहे.

अनेकांना एक कोडे पडते: शट डाउन करून सुरू केल्यावर दोष तसाच राहतो, पण रिस्टार्ट केल्यावर जातो. २०१२ मधल्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची तत्कालीन स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते, त्यामुळे सुरुवात झटपट होते; पण त्या स्थितीत गुंता असेल तर तोही जसाच्या तसा परत येतो. रिस्टार्टमध्ये गाभा पूर्णपणे नव्याने उठतो.

‘एवढा खटाटोप कशाला, सरळ फॉरमॅट मारला तर?’

या प्रश्नामुळेच मी हा लेख लिहिला. कित्येक वर्षांपूर्वी माझा स्वतःचा संगणक दर दोन-तीन दिवसांनी सुरू होताना अडू लागला. एका दुरुस्ती करणाऱ्याने डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने बसवले. आठवड्याने तेच झाले, पुन्हा फॉरमॅट झाले, आणि दुसऱ्या वेळी डिस्कच्या दुसऱ्या विभागातले कुटुंबाचे जुने फोटोही पुसले गेले. शेवटी दोष निघाला तो रॅमच्या एका पट्टीत. दोन्ही वेळा चौथ्या खोलीचा, म्हणजे विंडोजचा, इलाज दुसऱ्या खोलीतल्या, म्हणजे रॅमच्या, रोगावर केला गेला होता. ते फोटो परत मिळाले नाहीत.

फॉरमॅट हा फक्त बिघडलेल्या विंडोजवरचा उपाय आहे. रॅम सदोष असेल, तर नवे विंडोज त्याच सदोष रॅममधून जाऊन डिस्कवर लिहिले जाते, म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यात चुका शिरतात. डिस्क अखेरच्या घटका मोजत असेल, तर तिच्यावर कित्येक गीगाबाइटचे नवे लेखन लादून आपण तिचा अंत जवळ आणतो, आणि ज्यावर लिहिले गेले ती जुनी माहिती कोणत्याही प्रयोगशाळेला परत आणता येत नाही.

म्हणून माहिती आधी, यंत्र नंतर, हा क्रम पाळावा. विंडोज उठत नसले तरी निरोगी डिस्कवरच्या फाइली वाचता येतात: दुसऱ्या संगणकाला ती डिस्क जोडून, किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी दुसरी कार्यप्रणाली सुरू करून. अशा लिनक्ससाठी काहीही बसवावे लागत नाही आणि त्यातून फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात.

४८ अंकांची किल्ली

वरच्या सल्ल्याला आज एक मोठी अट जोडावी लागते. अलीकडच्या अनेक संगणकांत, मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर, विंडोज संपूर्ण डिस्क आपोआप कुलूपबंद करते. या सोयीचे नाव बिटलॉकर. डिस्कवरची प्रत्येक गोष्ट सांकेतिक रूपात राहते आणि ती उघडण्याची किल्ली मदरबोर्डशी जोडलेल्या सुरक्षा चिपमध्ये असते. रोजच्या वापरात हे जाणवतही नाही. परंतु मदरबोर्ड बदलला, बायोसमधल्या सुरक्षेच्या निवडी बदलल्या किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली, की ती चिप किल्ली देण्याचे नाकारते आणि पडद्यावर ४८ अंकांची रिकव्हरी की मागितली जाते.

ती नसेल, तर माहिती गेली. दुरुस्ती करणारा, उत्पादक किंवा मायक्रोसॉफ्ट यांपैकी कुणीही ती उघडू शकत नाही. जुलै २०२४ मध्येही अनेक संस्थांचे काम याच पायरीवर रखडले, कारण सेफ मोडच्या आधी प्रत्येक संगणकासाठी ही वेगळी किल्ली शोधावी लागत होती.

घरगुती संगणकात ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरूनही पाहता येते. संगणक चालू आहे तोवरच, म्हणजे शक्य झाल्यास आज, ती शोधून कागदावर लिहून ठेवावी आणि तो कागद संगणकापासून वेगळा ठेवावा.

‘पण माझा संगणक कधी चालू होतो, कधी नाही’

खोल्यांची उपमा इथे थोडी अपुरी पडते, हे मान्य केले पाहिजे, कारण काही दोष दारात उभे राहत नाहीत, ते घरभर फिरतात. अशक्त एसएमपीएस पहिले दार उघडून देते आणि काम वाढल्यावर चौथ्या खोलीत दगा देते. सदोष रॅम तपासणीत उत्तीर्ण होते आणि विंडोज नेमक्या त्या बिघडलेल्या भागात काही लिहिते तेव्हा कोसळते.

अशा वेळी दर खेपेला संगणक एकाच जागी अडतो की वेगवेगळ्या, हे टिपावे. नेहमी तीच जागा आणि तोच संदेश असेल, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा. दर वेळी जागा बदलत असेल, तर रॅम, वीज किंवा उष्णता. थंड असताना उठत नाही, पण दोन-तीन प्रयत्नांनंतर उठतो, हे वयस्क झालेल्या कपॅसिटरचे लक्षण असू शकते. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटर बसवले गेले होते. त्यांचे सपाट माथे फुगून वर येत. जुना संगणक असेल तर ते माथे आजही पाहावेत.

रॅमसाठी विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी आहे. मेमटेस्ट ८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवता येतो. त्यात एकही चूक निघाली तरी ती पट्टी बाद समजावी. आणि एका वेळी एकच बदल करावा. तीन गोष्टी एकदम बदलून संगणक सुरू झाला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही, आणि तो परत आल्यावर आपण पुन्हा पहिल्या पायरीवर असतो.

दुरुस्तीला देताना

एसएमपीएस किंवा मदरबोर्ड बदलायचा असेल, डिस्क आवाज करत असेल किंवा लॅपटॉप खोलावा लागत असेल, तर जाणकाराकडे जाण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र ‘चालू होत नाही’ एवढेच सांगून संगणक सोडून येऊ नये. एका कागदावर शेवटी काय दिसते, दिवे आणि पंखे काय करतात, कॅप्स लॉकचा दिवा लागतो का, बायोसमध्ये डिस्क दिसते का, दोष सुरू होण्याच्या आदल्या दिवशी काय बदलले होते, हे लिहावे आणि संदेशाचा फोटो दाखवावा. हा कागद संगणकाला चिकटवून द्यावा, आणि त्यावर सर्वांत वर, ठळक अक्षरांत लिहावे: ‘डिस्कवरची माहिती हवी आहे. मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.’